रविवार वगळून

रेल्वेसाठी मी आयुष्यात एकही रेल्वे अडवली नाही. एसट्या मात्र भरपूर अडवल्या. त्याला इलाज नव्हता. मागणी रेल्वेची, गाव बीड, आणि बीडला रूळच नाहीत. मग रेल रोको करायचा कुठं? म्हणून आमच्या समितीचे आम्ही मोजके लोक नाक्यावर सतरंजी टाकून बसायचो आणि आम्हाला इकडून तिकडं नेणारी जी एकमेव गोष्ट होती, तीच उन्हात उभी करायचो. एकदा अशीच एक परळी गाडी धरली. तिच्या खिडकीतून माझ्या सख्ख्या आत्यानं डोकं बाहेर काढलं.

"आरं, तुला रेल्वे पायजे ना?"

"हो, आत्या."

"मग सोड की ही गाडी. मला परळीला जाऊन रेल्वेच धरायचीय."

आत्याची परभणीची पॅसेंजर त्या दिवशी चुकली. रेल्वेच्या आंदोलनामुळं रेल्वे चुकलेली ती मराठवाड्यातली पहिलीच प्रवासी असावी. ही बातमी द्यावी असं मनात आलं होतं, पण समितीच्या बातम्या मीच लिहायचो आणि आत्या पेपर वाचायची.

परळीचं इथंच सांगून टाकतो, नाहीतर पुण्याचा कुणीतरी भेटतो आणि म्हणतो, "पण बीड जिल्ह्यात रेल्वे आहे ना!" आहे. परळीला निझामाच्या काळापासून रेल्वे आहे. एक फाटा परभणीकडं जातो, दुसरा विकाराबादकडं. औष्णिक वीज केंद्राचा कोळसाही रेल्वेनंच येतो. नव्हती ती जिल्ह्याच्या गावाला. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवायचो, त्यामुळं हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी बॅनरवर 'रेल्वे नसलेला जिल्हा' असं मोठ्या अक्षरांत लिहायचं आणि 'जिल्ह्याचं ठिकाण' हे खाली कोपऱ्यात बारीक टाकायचं, ही युक्ती माझीच. समितीत मी प्रसिद्धीप्रमुख होतो. पात्रता एवढीच की फळ्यावर लिहून लिहून अक्षर वळणदार झालं होतं.

मुख्य काम निवेदनाचं. रेल्वेमंत्री बदलला की नवं निवेदन. रामविलास पासवान, नितीशकुमार, ममता बॅनर्जी, लालूप्रसाद यादव, मल्लिकार्जुन खर्गे, सुरेश प्रभू, पीयूष गोयल. सगळ्यांच्या नावे माझ्या वळणदार अक्षरातले कागद दिल्लीला गेलेत. पुढं संगणक आला आणि अक्षराची गरज संपली. मग मी जुन्याच निवेदनात वरचं नाव बदलून पाठवायला लागलो. त्यात एकदा लालूप्रसादांना गेलेल्या पत्रात मायना 'माननीय ममतादीदी' असाच राहिला. दिल्लीहून उत्तर आलं नाही. तोवर तरी आम्ही त्या उत्तराची वाट पाहत होतो. मायना लक्षात आल्यावर मात्र ते येऊ नये म्हणून मी दत्ताला नारळ बोललो.

निवेदनात आणखी एक आकडा दर वेळी बदलावा लागायचा, तो खर्चाचा. १९९५-९६ साली अहमदनगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी मिळाली, तेव्हाचा अंदाज ३५३ कोटी रुपयांचा होता. माझ्या पहिल्या निवेदनात तो आहे. शेवटच्या निवेदनात ४८०० कोटींच्या वरचा आकडा आहे. मार्ग तोच, स्टेशनं साधारण तीच, डोंगरही जागेवरच; वाढला तो वेळ, आणि वेळेबरोबर पैसा. भूसंपादनाला उशीर, म्हणून दर वाढले. दर वाढले, म्हणून सुधारित अंदाज. सुधारित अंदाजाला मंजुरी हवी, म्हणून उशीर. हे चक्र वर्गात शिकवलेल्या जलचक्राइतकंच नियमित चालायचं.

ह्याच्या मुळाशी एक जुना दंडक होता. नव्या मार्गावर घातलेल्या पैशाचा किमान १४ टक्के परतावा कागदावर दिसला पाहिजे, तरच रेल्वेच्या हिशेबात तो मार्ग शहाणा. आमच्याकडं ऊसतोडीला निम्मा जिल्हा कोयत्यासह बाहेर जातो. तो ट्रकनं आणि ट्रॅक्टरनं जातो. परतावा कुठून दिसणार? केशरकाकू क्षीरसागर यांच्यापासून गोपीनाथ मुंडे यांच्यापर्यंत बीडच्या खासदारांनी दिल्लीत हा विषय काढला, आणि तोड निघाली ती अशी की निम्मा खर्च राज्यानं उचलायचा. वडसा–गडचिरोलीलाही राज्याचा निम्मा वाटा आहे, वर्धा–यवतमाळ–नांदेडला ४० टक्के. मागास भागाला रेल्वे हवी असेल तर त्याच्या राज्यानं वर्गणी भरायची, आणि मुंबईसारख्या पुढारलेल्या भागाला ती आधीच असते, असा हा न्याय.

निम्मा-निम्मा म्हटलं की ऐकायला किती समंजस वाटतं! भावांमधल्या सामाईक विहिरीचं ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. केंद्र म्हणायचं, राज्याचा हिस्सा आला नाही. राज्य म्हणायचं, आमचा तयार आहे, आधी तुमचा दाखवा. दोन्हीकडं एकाच पक्षाचं सरकार असलं की दोघंही गप्प बसायचे, एवढाच फरक. फेब्रुवारीत रेल्वे बजेटच्या दिवशी आम्ही समितीच्या कार्यालयात, म्हणजे अध्यक्षांच्या खताच्या दुकानात, टीव्हीपुढं बसायचो. मंत्री शायरी म्हणायचे, नव्या गाड्यांची नावं वाचायचे. आमचं नाव यायचं नाही. ते नंतर पिंक बुकात शोधावं लागायचं. त्या पुस्तकात काही मार्गांपुढं नुसते हजार रुपये मांडलेले असतात. मार्ग मेलेला नाही, एवढं दाखवण्यापुरते. आमच्यापुढं त्याहून बरा आकडा दिसला की अध्यक्ष पेढे मागवायचे. २०१७ पासून रेल्वे बजेट सर्वसाधारण बजेटमध्ये विरघळलं आणि फेब्रुवारीतले पेढेही बंद झाले.

त्याच वर्षी नगरपासून नारायणडोहपर्यंत १२ किलोमीटर रूळ झाला. २३ सप्टेंबर २०२२ ला आष्टीपर्यंत ६६ किलोमीटरवर डेमू धावली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तिच्या डब्यांना आग लागली. कुणाला इजा झाली नाही, पण "सर, तुमची रेल्वे पेटली" असं सांगायला माझ्या घरी जेवढे लोक आले, तेवढे माझ्या निवृत्तीला आले नव्हते. आणि १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी झेंडी दाखवली आणि गाडी बीडहून निघाली. मंजुरीपासून तीस वर्षांत १६६ किलोमीटर. भूगोलाच्या सवयीनं मी भागाकार केला: दिवसाला साधारण पंधरा मीटर. आमच्या फाटकापासून मागच्या न्हाणीपर्यंत. बायको म्हणाली, "एवढं तर सासूबाई गुडघे दुखत असतानाही चालायच्या."

बायकोचा रेल्वेवर राग आहे, त्याचं कारण प्लॉट.

सर्व्हेचे दगड रोवले गेले तेव्हा गावात एकच धंदा तेजीत आला. 'नियोजित रेल्वे स्टेशनपासून चालत पाच मिनिटं' अशा जाहिराती लागल्या. मी समितीचा माणूस. दगड कुठून कुठं गेलेत हे मला जवळून माहीत. नकाशा वाचता येणारा गावात दुसरा कोण? प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेतली आणि दगडांच्या अगदी लगत जागा घेतली. ते दगड आधीच्या एका पाहणीचे होते. नव्या पाहणीचे दगड दुसऱ्याच शिवारात होते आणि त्यांच्या जवळची जागा ज्यानं घेतली तो माझा बारावी नापास विद्यार्थी. आता तो मला "गुरुजी, तुमच्यामुळं" म्हणून पाया पडतो. कारण त्यानं जागा घेताना एवढंच पाहिलं होतं की गुरुजी कुठं घेतायत, आणि त्याच्या उलट दिशेला गेला. माझ्या प्लॉटवर सध्या बाभळी आहेत. उत्तम वाढल्यात.

तर उद्घाटनाच्या बॅनरकडं येतो. गाडीचं वेळापत्रक माझ्या हातात आलं होतं: अहिल्यानगरहून, म्हणजे आमच्या नगरहून, सकाळी ६.५५ ला निघणार, बीडला १२.३० ला पोचणार; बीडहून दुपारी १ ला निघणार, तिकडं संध्याकाळी ६.३० ला. रविवार वगळून. हे सगळं बॅनरवर घालायचं, वर सगळ्या पक्षांच्या नेत्यांचे फोटो, खाली समितीचे, त्यात माझाही. जागा पुरेना. डीटीपीवाला पोरगा म्हणाला, "सर, एक ओळ कमी करा, तुमचा फोटो कापला जायलाय." मी 'रविवार वगळून' काढायला लावलं. अध्यक्ष कुरकुरले. मी म्हणालो, "आनंदाच्या बॅनरवर कुणी अपवाद छापतं का?" आणि त्या ओळीच्या जागी 'बीडकरांची रोजची हक्काची गाडी' असं घातलं.

थोड्याच दिवसांत नगरला साडूच्या मुलीचा साखरपुडा निघाला. संध्याकाळी सातचा. गाडी साडेसहाला पोचते. योग असा जुळून आलेला पाहून मला भरून आलं. मी जाहीर केलं, सगळ्यांनी रेल्वेनं जायचं. सगळे म्हणजे बायको, तिची आई (जावई असल्यामुळं मी त्यांना आई म्हणतो आणि त्या मला 'हे' म्हणतात), मेव्हणा आणि त्याची बायको. मेव्हणा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. तो शांतपणे म्हणाला, "दाजी, आपली नगर गाडी घंट्या-घंट्याला हाय. तीन-साडेतीन तासांत उतरवती."

"रेल्वे निम्म्याहून कमी पैशांत नेते."

"एसटीत बायकांना निम्मं तिकीट. तुम्हाला पासष्ट झाली, तुम्हाला निम्मं. आईला पंचाहत्तर झाली, तिला फुकट. रेल्वेत म्हाताऱ्यांची सवलत होती, ती २०२० ला बंद केली ती केलीच. आता तुम्ही हिशेब करा, तुम्ही सर हाव."

मी हिशेब केला. रेल्वेचं तिकीट पन्नास रुपयांच्या आत, तरी स्वस्त रेल्वेच. मात्र स्टेशनपर्यंतची रिक्षा धरली की पारडं डळमळतं, म्हणून रिक्षा धरली नाही. "इतकी वर्षं मागितली आणि आता बसायचं नाही?" ह्या माझ्या वाक्यावर कुणाकडं उत्तर नव्हतं. ते बायकोकडं होतं, पण ती माहेरच्यांसमोर मला बोलत नाही.

आम्ही दोन रिक्षा करून, फळांची परडी, पेढ्यांचे पुडे आणि आईंची उशी घेऊन बारा वाजताच स्टेशनवर गेलो. गर्दी असेल म्हणून लवकर. गर्दी नव्हती. फलाट इतका स्वच्छ की चपला काढाव्याशा वाटल्या. तिकीट खिडकी बंद होती. मी सर्वांना रुळांची माहिती दिली, ब्रॉडगेज म्हणजे काय ते सांगितलं, शेजारच्या बार्शी लाइटची नॅरोगेज कशी होती तेही सांगितलं. आई उशीवर टेकल्या. साडेबारा झाले, गाडी येईना. तेवढ्यात पहाऱ्याचा एक माणूस डबा घेऊन सावलीला आला.

"कुठं निघालाव?"

"नगरला. एकची गाडी."

"आज रविवार हाय ना. आज नसती."

"असं कसं नसती?" मी आवाज चढवला. "मी ह्या रेल्वेच्या समितीतला आहे. रोजची गाडी आहे ती."

"कोण म्हणलं रोजची?"

मी बोट दाखवलं. कुंपणाला आमचा बॅनर अजून बांधलेला होता, वाऱ्यानं एक कोपरा सुटलेला. त्या माणसानं बॅनर वाचला, मग माझ्याकडं पाहिलं, मग पुन्हा बॅनरकडं. आईंनीही चष्मा लावला.

"अगं, ह्यांचाच फोटू हाय की हा!" त्या कौतुकानं म्हणाल्या.

"मग ह्यांनाच विचारा मावशी, गाडी कवा येती ते," असं म्हणून तो डबा उघडून बसला.

रिक्षा दोन्ही परत गेल्या होत्या. मेव्हण्यानं काही न बोलता फोन काढला, डेपोत कुणालातरी लावला, आणि वीस मिनिटांत कुणाचीतरी क्रूझर स्टेशनच्या दारात उभी राहिली. बसस्टँडवर गेलो तर नगर गाडी सुटायच्या बेतात. कंडक्टरनं मेव्हण्याला पाहून सलाम ठोकला आणि आईंना पुढची जागा दिली. पावणेपाचला आम्ही नगरात. ज्या रेल्वेनं आम्ही जाणार होतो ती त्या दिवशी धावली असती तरी आमच्यानंतर पावणेदोन तासांनी पोचली असती. मंडपात साडू मोठ्यानं विचारत होता, "काय भाऊसाहेब, रेल्वेनं आलात ना? कसा झाला प्रवास?"

"खिडकी मिळाली," मी म्हणालो. ते खरंच होतं.

आता शहाण्या माणसानं दुसऱ्या दिवशी सगळ्यांबरोबर एसटीनं परतायचं. पण सोमवार होता, सोमवारी गाडी असते, आणि ६.५५ ला मी नगर स्टेशनवर हजर होतो. बाकीचे पोहे खाऊन मागून निघणार होते. तिकीट काढलं. आरक्षणाच्या तिकिटावर रेल्वे छापते की तुमच्या प्रवासाच्या खर्चातले सरासरी ५७ टक्केच तुमच्याकडून वसूल होतात. ती ओळ वाचली की मी अंग चोरूनच बसतो. उरलेलं मालगाड्या भरतात, म्हणजे मुख्यतः कोळसा. म्हणजे परळीला जाणारा कोळसा माझ्यासारख्याच्या तिकिटाला हातभार लावतो. आत्याला हे कळलं असतं तर तिनं त्याचाही हिशेब मागितला असता.

गाडी खरोखर छान होती. मला एकट्याला अख्खा बाक. नारायणडोह गेलं, सोलापूरवाडी गेली. मग न्यू धानोरा आणि पुढं न्यू आष्टी. जुनं कुठं आहे असं कुणी विचारू नये, ह्या गावांना आयुष्यात मिळालेलं पहिलंच स्टेशन न्यू आहे. कडा स्टेशनला एक धोतर-टोपीवाले काका चढले आणि अख्खा डबा रिकामा असताना माझ्यासमोरच येऊन बसले. पुढं एका ठिकाणी त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं.

"हे माझं रान. मधून गेली रेल्वे."

"मोबदला मिळाला का?"

"मिळाला. लेकीच्या लग्नाला पायजे होता, नातीच्या लग्नाला मिळाला." त्यांनी तंबाखू मळली. "तुम्ही कुठले?"

मी समितीची ओळख दिली. त्यांच्या चेहऱ्यावर आदर आला. असा आदर मला घरात कधीच दिसत नाही.

"मग एक काम करा की साहेब. ही गाडी उलटी करा."

"उलटी म्हणजे?"

"आवो, बीडच्या माणसाला नगरला दवाखाना असतो, पुण्याला पोरगं असतं. त्यानं सकाळी निघायला पायजे. तुम्ही त्याला दुपारी एकला काढता आन् अंधार पडताना नगरात सोडता. दवाखाना बंद. मुक्कामाला कुठं जायचं? परत यायला दुसऱ्या दिवशी पहाटे. आन् नगरचा माणूस बीडला येतो साडेबाराला आन् त्याची परतीची गाडी एकला. अर्ध्या तासात तो बीडला करतो काय?"

मी म्हणणार होतो की बीड बघायला अर्धा तास पुरेसा आहे, पण मी प्रसिद्धीप्रमुख होतो.

"तुम्ही वेळ मागितली नव्हती का?" काकांनी सरळ विचारलं.

मी डोक्यात सगळी निवेदनं उलगडून पाहिली. मार्ग होता, किलोमीटर होते, कोटी होते, मागासलेपण होतं, अन्याय तर प्रत्येक परिच्छेदात होता. अनुशेष होता. वेळ कुठंच नव्हती. रेल्वे आल्यावर ती किती वाजता निघावी, हे ठरवायची गरज पडेल असं आम्हाला वाटलंच नसावं. "निवेदनात वेळ लिहायची पद्धत नसते," मी म्हणालो. काकांनी मान हलवली, पटल्यासारखी नव्हे.

आणि वेळ मागायची तरी कुणाकडं? रूळ टाकायला राज्याचे निम्मे पैसे, पण गाडी चालवायला राज्याचा एक रुपया नाही आणि वेळापत्रकावर एक अक्षर नाही. तोटा होणार तो रेल्वेचा. मग ती एक रेक टाकते, सकाळी आणते, दुपारी नेते, आणि रविवारी विसावते. फीत कापायला दोन सरकारांचे हात पुढं येतात. गाडी फलाटावरून हलली की ती कुणाचीच नसते. कोकणातला माझा एक मित्र ह्यावर हसतो. कोकण रेल्वेचं महामंडळ झालं तेव्हा त्यात महाराष्ट्राचा २२ टक्के वाटा होता, तरी त्यांची रत्नागिरी–दादर पॅसेंजर करोनानंतर दिव्यालाच थांबायला लागली. "तुम्ही निम्मे देऊन दुपारची गाडी मिळवलीत," तो म्हणाला, "आम्ही २२ टक्क्यांत दिवा मिळवला. दर सारखाच पडतो."

आष्टी सोडल्यावर डोंगर सुरू होतो. पूल येतात, खोल कटिंगं येतात, पुन्हा पूल. ते पाहताना ४८०० कोटी कुठं गेले ते निदान डोळ्यांना दिसतं. मी काकांना बालाघाटाची रचना समजावून सांगत होतो आणि ते घोरत होते, तेवढ्यात फोन वाजला. अकरा वाजून गेले होते. बायको.

"कुठं पोचलात?"

"अंमळनेर येतंय. काय सुंदर दृश्य आहे गं..."

"आम्ही घरी पोचलोय."

"अरे वा! इतक्यात?"

"घरी म्हणजे दारात. किल्ली तुमच्या खिशात आहे."

मी खिसा चाचपला. होती. मागून आईंचा आवाज येत होता, "ह्यांना म्हणावं, जरा पळत या." मेव्हण्यानं फोन घेतला. "दाजी, घाई करू नका. आम्ही शेजाऱ्यांना सांगितलंय, किल्ली रेल्वेनं यायलीय म्हणून. त्यांनी चहा टाकलाय."

विघनवाडी, रायमोहा, राजुरी. इतकी छोटी स्टेशनं, आणि प्रत्येक ठिकाणी गाडी अशी थांबायची की जणू तिला उतरून गावात जाऊन यायचंय. जी स्टेशनं मी निवेदनात 'सर्व गावांना थांबा मिळावा' म्हणून आग्रहानं मागितली होती, त्या प्रत्येकाला मी आता मनातल्या मनात शिव्या देत होतो. काका मध्येच उतरून गेले. उतरताना म्हणाले, "वेळेचं बघा."

बीडला उतरलो तर स्टेशनबाहेर एकच रिक्षा, आणि ती दुसऱ्या प्रवाशानं अडवलेली. निम्मा रस्ता चालत आणि निम्मा एका दुधाच्या गाडीवर बसून घरी पोचलो तेव्हा आई शेजाऱ्यांच्या पलंगावर झोपल्या होत्या आणि मेव्हणा आमच्या पायरीवर पेपर वाचत होता. बायकोनं हात पुढं केला. मी किल्ली दिली. ती काही बोलली नाही. मेव्हणा अजून तिथंच होता.

पुढच्या बैठकीत मी वेळेचा ठराव मांडला: गाडी बीडहून सकाळी सुटावी, रात्री परत यावी, आणि रविवारीही असावी. एकमतानं मंजूर झाला. निवेदनं गेली. एका कार्यालयाचं उत्तर आलं की वेळापत्रक हा आमचा विषय नाही. दुसऱ्याचं आलं की मागणीची नोंद घेतली आहे आणि प्रवासी संख्येनुसार व्यवहार्यता तपासली जाईल. प्रवासी संख्या वाढली तर वेळ बदलेल. वेळ बदलली तर प्रवासी वाढतील. अध्यक्ष म्हणाले, आता संख्या वाढवायला समितीच्या प्रत्येकानं आठवड्यातून एकदा विनाकारण नगरला जाऊन यायचं. नगरला गेल्यावर रात्री कुठं राहायचं, ह्यावर साडूचं नाव निघालं. ते मी इतिवृत्तात येऊ दिलं नाही.

शिवाय समितीचं मन आता बीडच्या पुढं गेलंय. बीड ते परळी हा उरलेला टप्पा व्हायचाय, वडवणीच्या बाजूनं काम चाललंय, त्यासाठी नवी उपसमिती झाली आणि प्रसिद्धीप्रमुख मीच. अनुभव आहे म्हणून. परवा संध्याकाळी त्या निवेदनाचा मसुदा करत बसलो होतो. पहिल्याच ओळीत वेळ घातली होती. तेवढ्यात एका ओळखीच्या एजंटाचा फोन आला. वडवणीला नियोजित स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर प्लॉट पडलेत, म्हणाला, शेवटचे दोन उरलेत, सर, तुम्ही समितीतले म्हणून आधी तुम्हाला सांगतोय.

मी फक्त भाव विचारला.

"कुणाचा फोन?" आतून बायकोनं विचारलं.

"समितीचा," मी म्हणालो.